सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुणेकरांना

कोथरूड, पुणे

सर्व हिस्सेदार मंडळींना सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार होते. पण तिथे चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की खाली दोन जोडलेले हात येतात आणि पाठोपाठ कुणाच्या तरी नातवाचा केक. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. दुसरं असं की, गेल्या महिन्यात ज्या ज्या ओळखीच्या माणसाशी यावर बोलले, मग तो धायरीचा असो, कात्रजचा असो की चिंचवडचा, त्याचंही दापोली, गुहागर, श्रीवर्धन, देवगड असं कुठेतरी सातबाऱ्यावर नाव निघालं, आणि तिकडे दिवा लावायला उरलेला एक चुलतभाऊही निघाला. तेव्हा नावं-आडनावं घालत नाही. ज्याचं त्याला कळेल.

विषय आपल्या हॉटेलचा. हर्णैजवळ, रस्त्याला तोंड आणि समुद्राला पाठ करून उभं असलेलं चिऱ्याचं घर, त्याला जोडलेल्या सहा खोल्या, मागे १८ गुंठे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आगराच्या टोकाला केवड्याचं बन आणि मग वाळू. सातबाऱ्यावर नावं २३. त्यातली १७ पुण्यात, चार मुंबई-ठाण्यात, एक अमेरिकेत. उरलेलं एक तिथे राहतं आणि पहाटे उठून पंप चालू करतं.

ही जागा विकत मागणाऱ्या बिल्डरचा निरोप आल्यापासून बावीसच्या बावीस जणांना गाव आठवायला लागलंय. कुणी विहिरीचा फोटो टाकतं, कुणी आजीच्या हातच्या घावनांबद्दल लिहितं. फोटोंच्या मधूनच विचारणा होते की आकडा नक्की किती आणि सह्या दिवाळीआधी होतील का. मला आकड्याबद्दल काही म्हणायचं नाही. माझं नाव त्या २३ मध्ये नाही. का नाही, ते पुढे येईलच. पण हे हॉटेल कुणी केलं आणि कसं झालं, हे सह्या करण्याआधी एकदा नीट मांडलं पाहिजे. कारण ग्रुपवर 'आपल्या आजोबांनी उभं केलेलं हॉटेल' असं चाललंय, आणि ते खरं नाही.

आजोबांनी हॉटेल काढलंच नाही. आजोबांचं बंदरावर चहाचं दुकान होतं. त्या काळी मुंबईला जायचं म्हणजे बोट. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि होड्यांतून उतारू जा-ये करायचे. बोटीची वेळ कागदावर एक आणि समुद्रावर दुसरी. माणसं ट्रंका, फणस, तांदळाच्या पिशव्या घेऊन तासन् तास बंदरावर बसून असायची. आजोबा त्यांना चहा विकायचे. उतरणाऱ्यांचं दुखणं वेगळं होतं. रात्रभर बोट लागून पार गळून गेलेली बायामाणसं वाळूवर उतरायची, आणि त्यांना चहाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. आजी त्यांना घरी घेऊन यायची. न्हाणीघरात गरम पाणी, मग ओटीवर बसवून मऊ पेज, वर मीठ आणि आंब्याचं लोणचं. पहिले पैसे तिने मागितले नव्हते, कुणा चाकरमान्याच्या बायकोने जाताना पाटाखाली ठेवले. दुसऱ्या वेळी आजीने दर सांगितला. तेव्हा आपल्या हॉटेलचा पहिला पदार्थ पेज, आणि हॉटेल काढणारी आजी. पाटीवर तिचं नाव आहे ते शोभेसाठी नाही.

पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे खानावळही बंद. १९४७ च्या १७ जुलैला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती काही आपल्या बंदराची बोट नव्हे. तरी त्या वर्षी पावसाळा संपून बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आजीने उतारूंना जाताना वाटखर्चाची सुपारी द्यायला सुरुवात केली, नजर लागू नये म्हणून. हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. हल्ली 'निघताना पाहुण्यांना आगरातली सुपारी देतात, काय सुंदर कल्पना आहे' असं पर्यटक लिहून जातात.

१९४८ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. आपल्या रस्त्यावर लाल गाडी यायला पुढे वेळ लागला, पण आली तशी बोट मागे पडत गेली आणि बंदरावरचं आजोबांचं दुकान बसलं. इथे पुष्कळ खानावळी संपल्या. आपली वाचली ती वस्तीच्या गाडीमुळे. रात्री मुक्कामाला येणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर आपल्या ओटीवर झोपायचे, रात्री जेवायचे आणि पहाटे गाडी काढण्याआधी चहा-भाकरी खाऊन जायचे. त्यांच्यामुळे तलाठी, मास्तर, सर्व्हेवाले, कोर्टाच्या कामाला आलेले पक्षकार यांना पत्ता कळला. १९७२ ला दापोलीला कृषी विद्यापीठ झालं आणि मुलांना भेटायला येणारे आईबाप, आंब्यावरचा तुडतुडा मोजणारे साहेब, असे लोक यायला लागले. पडवीला फळ्या मारून धाकट्या काकांनी दोन खोल्या केल्या त्या याच सुमारास. खोल्या म्हणजे काय, फळीच्या फटीतून पलीकडच्याची विडी दिसायची.

मधली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, ती आता सांगते. मोठे काका खडकीच्या कारखान्यात लागले होते आणि नदीकाठच्या पेठेत एका खोलीत काकू आणि चार मुलांसह राहायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. माणसं वाचली, पण खोलीतलं भांडंसुद्धा हाती लागलं नाही. काका कारखान्यातल्या मित्राकडे राहिले आणि काकू चार पोरं घेऊन गावाला गेल्या. तिथे त्या दीड वर्ष होत्या. भर पावसात, खानावळ बंद असताना, आजीने पाच तोंडं वाढवून घेतली. आणि एरवी पुण्याहून गावाला जाणारी मनीऑर्डर त्या दीड वर्षात उलटी, गावाहून पुण्याला आली. पेठेत नवी खोली घ्यायला लागलेले पैसे कुठून आले, ते मोठ्या काकांच्या मुलांनी आठवून बघावं. ग्रुपवर 'तिकडून आजवर काय मिळालं आम्हाला' असं ज्याने लिहिलं, तो त्या चारांपैकी धाकटा आहे. तेव्हा तो दोन वर्षांचा होता, म्हणून माफ.

नंतरचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. आजोबा गेले, बाकीचे तिन्ही भाऊ शहरांत. धाकटे काका एकटे तिथे राहिले, कारण कुणीतरी राहायला हवं होतं आणि त्यांना मॅट्रिकला इंग्रजी सुटलं नव्हतं. पुण्याची मंडळी नुसती समुद्र बघायला म्हणून येऊ लागली ती ऐंशीच्या पुढे. त्याआधी समुद्र बघायला कोण येतं, हे आजीला शेवटपर्यंत समजलं नाही. 'यांच्याकडे काय पाणी नाही का?' असं ती विचारायची. १९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरला पोफळीच्या बागेत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि पुण्याच्या गाड्या ताम्हिणी उतरून किनाऱ्याला यायला लागल्या. काही बाणकोट खाडी ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचायच्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण ती दापोलीला शिवली नाही. आपल्याला जवळचं स्टेशन खेड. गुहागरकडची माणसं यायला लागली ती २००३ ला दाभोळ–धोपावे फेरीबोट झाल्यावर.

काकांनी सहा खोल्या बांधल्या त्या दहा वर्षांत, एकेक करून, सोसायटीचं कर्ज आणि काकीच्या पाटल्या घालून. शेजाऱ्यांनी समुद्राच्या बाजूला बांधायला काढलं तेव्हा काकांनाही मोह झाला होता. आजीने मोडता घातला. म्हणाली, केवड्यात राखणदार आहे, जागा राखणारा देव, तिथे कुदळ लावायची नाही. काका चिडले, चार दिवस जेवले नाहीत. मग खोल्या रस्त्याच्या बाजूला झाल्या आणि आमच्या पुण्याच्या पाहुण्यांनी 'सी व्ह्यू नाही' म्हणून नाकं मुरडली. १९९१ च्या फेब्रुवारीत केंद्राने किनारा नियमनाची अधिसूचना काढली होती, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर नियंत्रण आणि त्यातल्या पहिल्या २०० मीटरमध्ये आपल्यासारख्या गावात नवं बांधकामच नाही. हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे किनाऱ्यावर नोटिसा फिरायला लागल्या तेव्हा सीआरझेड हा शब्द कळला. राखणदार त्याआधीचा.

आता ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे हॉटेल मार्चपासून बंदच होतं. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११०–१२० किलोमीटरच्या वाऱ्याने आलं आणि दापोली-मंडणगडचाही चुराडा करून गेलं. आपली सगळी मंगलोरी कौलं उडाली. दोन खोल्यांवर माड पडला. पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा कमरेत मोडल्या. वीज यायला आठवडे लागले. धाकट्याचा (धाकट्या काकांच्या मुलाला मी धाकटाच म्हणते, आता तो पन्नाशी ओलांडून गेला तरी) फोन लागला तो नवव्या दिवशी, तोही एका टेकडीवर चढून. म्हणाला, 'ताई, घरातून समुद्र दिसतोय गं.' मधली झाडंच नव्हती.

सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. कागदावर बरी वाटते. पण कोकणात हेक्टर कुणाकडे असतो? आपलं आगर १८ गुंठे, म्हणजे हिशेबाने साधारण नऊ हजार. पोफळीला नव्याने सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. बरं, ते नऊ हजार तरी धाकट्याला मिळावेत? सातबारा सामाईक. ज्यांची नावं आहेत त्यांची संमतीपत्रं आणा म्हणाले. डोक्यावर ताडपत्री, घरात म्हातारी आई, आणि हा माणूस टेकडीवर चढून पुण्याला फोन करतोय की दादा, एक सही करून फोटो पाठव. अकरा जणांनी पाठवली. चौघांनी 'बघतो' म्हटलं. एकाने विचारलं, 'म्हणजे माझ्या वाट्याचे किती?' मी तेव्हा सरासरी काढून त्यांना कळवली होती, ३९१ रुपये. ती रक्कम त्यांनी अजून मागितलेली नाही, हा त्यांचा मोठेपणा. बाकी जिल्ह्यात सामाईक सातबाऱ्यांपायी मदत अडकलेली घरं किती होती, ते त्या वर्षी ज्यांनी तहसील कचेरीबाहेरच्या रांगा पाहिल्या त्यांना विचारा.

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जविभागात. म्हणून पुढचं जरा अधिकाराने लिहिते. वादळानंतर धाकटा दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेला. हॉटेलचा धंदा चालता होता, परतफेडीचा जुना इतिहास स्वच्छ. बँकेने दिलं नाही, आणि त्या खुर्चीवर मी असते तर मीही दिलं नसतं. तारण ठेवायची मिळकत २३ जणांची, एकाने सही करून ती गहाण कशी पडणार? वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्येच गाडं अडतं. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेचंही तेच, मालकीचा कागद द्या नाहीतर सगळ्यांची संमती. तेव्हा त्याने काय केलं? भावजयीने बचतगटाचं कर्ज काढलं, त्याने बोलेरो विकली, आणि चार खोल्यांवर पत्रा घातला. त्या पत्र्यावरून ग्रुपवर आपण त्याला काय काय बोललो! 'घराचा लूक घालवला', 'कौलांची शान गेली'. कौलाला सांगाडा लागतो, सांगाड्याला लाकूड लागतं, लाकडाला पैसे लागतात. शान कुठल्या खात्यातून काढायची होती?

धाकट्याची बाजू घेते म्हणजे त्याचे दोष दिसत नाहीत असं नाही. हिशेबाची वही त्याने कधी धड ठेवली नाही. न्हाणीघराला लावलेल्या गुलाबी फरश्या मला बघवत नाहीत. 'डॉल्फिन दाखवतो' म्हणून पाहुण्यांना होडीत बसवणाऱ्यांकडून तो दलाली घेतो, ते मला पटत नाही. शनिवारी आलेल्या पोरांनी गाड्या वाळूत घातल्या तर तो बोलत नाही, गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरतो. पण हे सगळं धंदा करणाऱ्याचे दोष आहेत. धंदा न करणाऱ्याला ते लागत नाहीत, एवढंच.

आता आपले दोष. किनाऱ्यावरच्या हॉटेलाचं पोट तीन वेळा भरतं. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, कुणी फिरकत नाही. बाकी शनिवार-रविवार. आणि आपण हिस्सेदार कधी जातो? मे महिन्यात. सहापैकी चार खोल्या, वीस-वीस दिवस, फुकट. ८० खोल्या-रात्री झाल्या. भाडं तुम्हीच गुणा. मी स्वतः लग्नानंतर सलग अकरा वर्षं पोरांना, नणंदेला आणि नणंदेच्या पोरांना घेऊन गेले आहे. भावजय पहाटे उठून आमच्यासाठी वीस-बावीस माणसांचे आंबोळे काढायची, आणि मी खळ्यात बसून 'इथे किती शांत वाटतं' म्हणायची. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावातून सुरमई आणायला धाकट्याला पिटाळायचं, वर 'पापलेट नाही का मिळालं' विचारायचं. परत निघताना नारळ, सुपारी, कोकमं, आंब्याची पेटी गाडीत. आणि पैसे द्यायला गेलं की तो हात मागे घ्यायचा, आपण दुसऱ्यांदा पुढे करायचो नाही. माहेरवाशिणीला एवढं चालतं, असं मी मनाला सांगत आले. तुम्ही काय सांगत आलात ते तुमचं तुम्हाला माहीत.

माझं नाव सातबाऱ्यावर का नाही, हे सांगायचं राहिलं. माझं लग्न १९८३ चं. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तेव्हा त्यात आधीच लग्न झालेल्या मुली नव्हत्या. २००५ च्या ९ सप्टेंबरपासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि २००६ च्या मे महिन्यात माझे भाऊ पेढे आणि इरकली साडी घेऊन माझ्याकडे आले. इतक्या प्रेमाने ते आधी कधी आले नव्हते. 'ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे, उद्या तुला कशाला हेलपाटे?' आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद ओळ न् ओळ वाचलेल्या बाईने आपला कागद न वाचता सही केली. हक्कसोडपत्र. चुलतबहिणींनीही केली, दोन्ही धाकट्या आत्यांनी केली. आत्यांना तर साडीही एकच मिळाली, दोघींत. मोठी आत्या मात्र 'चष्मा विसरले' म्हणून निबंधकाच्या ऑफिसातून उठून आली आणि तिला तो चष्मा आजतागायत सापडलेला नाही. ती आता ८८ वर्षांची आहे.

म्हणजे हक्क सोडणं ही आपल्या घरात नवी गोष्ट नाही. ती फक्त आजवर बायकांनी केली आहे.

तेव्हा मागणं हे आहे. घर, सहा खोल्या आणि आगर यांचं हक्कसोडपत्र धाकट्याच्या नावे करा, आणि त्यात भावजयीचं नावही पुढे कसं लावायचं ते त्याच वेळी ठरवून घ्या, कारण स्वयंपाकघर तिचं आहे. वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क मोबदला न घेता भावाच्या किंवा त्याच्या वारसाच्या नावे सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पत्र नोंदणीकृतच लागतं, नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून चालत नाही. त्यानंतर फेरफार पडतो, नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि सातबारा मोकळा होतो. ज्यांना फुकट सोडणं जड जातंय त्यांनी आपला हिस्सा त्याला विकावा, हप्त्याने. पण मग ते खरेदीखत झालं, त्याला पूर्ण मुद्रांक लागतो, आणि मे महिन्यांचं भाडं मी त्यातून वजा करायला लावीन.

ज्यांना वाटतं की आपापला तुकडा वेगळा करून घेऊ, त्यांच्यासाठी गणित करून ठेवलंय. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. १८ गुंठ्यांचे २३ भाग केले तर सरासरी ८५२ चौरस फूट. (हिस्से सारखे नाहीत, कुणाचे पणजीच्या गोधडीच्या ठिगळाएवढेही आहेत, पण सरासरी घ्या.) कोथरूडातला बरा टू बीएचके. त्यात दोन माड आणि विहिरीचा तेविसावा भाग. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे तो कशासाठी, ते हे गणित केल्यावर कळतं.

आणि बिल्डरबद्दल एकच. तो तुम्हाला सांगतोय की २३ सह्या लागतील, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, कुणीतरी अडवेलच. त्याला २३ लागत नाहीत. आपला अविभक्त हिस्सा एकटा हिस्सेदारही विकू शकतो. जमीन शेतीची असली तर घेणारा शेतकरी लागतो, आणि तसा शेतकरी बिल्डरच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेलाच असतो. मग तो परका माणूस वाटपाचा दावा लावतो. राहतं घर असेल तर १८९३ च्या वाटप कायद्यात घरच्यांना तो हिस्सा विकत घेऊन टाकायची सोय आहे, पण ती कोर्टात उभं राहून मागायची असते, आणि पैसे रोख मोजायचे असतात. धाकट्याकडे बोलेरोसुद्धा उरलेली नाही. म्हणून तुमच्यातला एक जण जरी फुटला तरी हॉटेल गेलं. 'मी एकट्याने सही केली तर काय होतंय' असं मनात असेल तर होतं ते हे. शिवाय तिथे तो बांधणार काय? २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ती २०० मीटरची रेषा ५० वर आणली, आपल्यासारखी विरळ गावं २०० वरच राहिली. 'सगळं मॅनेज होतं' असं तो म्हणाल्याचं ऐकते. ज्या किनाऱ्यावर नोटिसा फिरल्या तिथल्या लोकांनाही आधी कुणीतरी असंच म्हणालं असेल.

मोठ्या आत्याकडे मी मागच्या रविवारी गेले होते. तिला सगळं वाचून दाखवलं. तिच्यावर मी काही दडपण आणणार नाही, आणि तुम्हीही कुणी पेढे घेऊन तिच्या दारात जायचं नाही. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत: 'आधी मुलग्यांनी करू देत. मग माझा चष्मा सापडेल.'

दापोलीच्या निबंधक कार्यालयात दिवस ठरवायचा आहे. प्रत्येकाने आधार, पॅन आणि दोन फोटो आणायचे. वकिलांकडून मसुदा करून घेतलाय, तो प्रत्येकाला आठ दिवस आधी पाठवते. वाचून या, माझ्यासारखं करू नका. अमेरिकेतल्याने तिथल्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं, त्याला वेळ लागतो म्हणून आजच सुरुवात कर रे. दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. स्वारगेटहून दापोलीची गाडी आहे, ज्यांना स्वतःची न्यायची त्यांनी न्यावी. मुक्कामाला सहाच्या सहा खोल्या मी धाकट्याकडून धरून ठेवल्या आहेत, दर त्याने सांगितला तो, घासाघीस न करता. जेवणाचं ताट वेगळं, मासळीचं वेगळं, सोलकढी दुसऱ्यांदा घेतली तर तीही लावायला भावजयीला सांगितलंय. बिल ज्याचं त्याने निघायच्या आधी काउंटरवर द्यायचं. तो हात मागे घेईल, तुम्ही पैसे ठेवून निघायचं.

तुमची,
ताई